‘तमस’चे प्रेक्षक आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेले दोन दिवस आपण ‘तमस’ ही मालिका एकत्र बसून पाहिली. तिच्यातले सर्वांत दोषी पात्र कोणते आणि सर्वांत जवळचे वाटलेले पात्र कोणते, हे एका ओळीत लिहून द्या, असे मी आपल्याला सांगितले होते. त्या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत. आजचे बोलणे त्या चिठ्ठ्यांविषयीच आहे. कलाकृतीतील पात्रांविषयी आपण जो निवाडा देतो, तो पुष्कळदा त्या पात्रांपेक्षा आपल्याविषयीच अधिक सांगतो, हे आरंभीच नमूद करतो.

प्रथम थोडा इतिहास. ‘तमस’ ही भीष्म साहनी यांची हिंदी कादंबरी. साहनी जन्माने रावळपिंडीचे. १९४७ च्या मार्च महिन्यात त्या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत जो वणवा पेटला, तो त्यांनी काँग्रेसचे कार्यकर्ते म्हणून जवळून पाहिला होता. पण त्यावर लिहायला त्यांना दोन दशकांहून अधिक काळ लागला, आणि लिहिण्याचे निमित्त महाराष्ट्रात घडले. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. तेव्हा बलराज साहनींबरोबर ते भिवंडीला गेले. जळालेली घरे आणि मोडलेले माग पाहताना त्यांना रावळपिंडी पुन्हा दिसू लागली. त्या दर्शनातून ही कादंबरी जन्मली. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे पंजाबच्या फाळणीवरील ज्या पुस्तकाने देशाला अस्वस्थ केले, त्याची ठिणगी आपल्या भिवंडीच्या राखेतली आहे. या मालिकेकडे दूर कुठेतरी, फार पूर्वी घडलेली गोष्ट म्हणून पाहण्याची मुभा महाराष्ट्रातल्या माणसाला नाही, ती यामुळे.

गोविंद निहलानी स्वतः कराचीत जन्मलेले, फाळणीत घर सोडावे लागलेल्या कुटुंबातले. त्यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. त्या काळी दूरदर्शन म्हणजे सबंध देशाची एकच ओसरी होती. रात्री जे दिसे त्याची दुसऱ्या दिवशी कचेरीत, गिरणीच्या दारात, चाळीच्या जिन्यात चर्चा होई. मालिकेविरुद्ध निदर्शने झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अशा दृश्यांनी माथी भडकतील, जुन्या जखमा उघड्या पडतील, असा अर्जदाराचा दावा होता. प्रथम प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने एक साधी, पण आपल्या देशात दुर्मीळ असलेली गोष्ट केली. ज्या कलाकृतीवर निर्णय द्यायचा, ती त्यांनी आधी स्वतः पाहिली. पाहिल्यावर त्यांनी स्थगिती उठवली. पुढे प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १६ फेब्रुवारी १९८८ रोजी त्या न्यायालयानेही मालिकेच्या बाजूने कौल दिला.

त्या निकालातला एक मुद्दा आपण कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. एखाद्या कलाकृतीचा परिणाम कोणाच्या नजरेने मोजायचा, हा तो प्रश्न. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी नागपूर उच्च न्यायालयात एका खटल्यात जे माप सांगितले होते, त्याचाच आधार सर्वोच्च न्यायालयाने घेतला. विवेकी, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने शब्दांचा परिणाम मोजावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेने मोजू नये, असा त्याचा आशय.

या मापाचा अर्थ काय? प्रेक्षक हे सांभाळून न्यावे लागणारे मूल नव्हे, तो नागरिक आहे. ज्याच्या हाती देशाचे सरकार निवडण्याचा अधिकार दिला, त्याला त्याच देशाचा इतिहास पाहू द्यायचा नाही, हे लोकशाहीत बसणारे नाही. हा विश्वास थोर आहेच. पण विश्वास टाकला म्हणून माणूस आपोआप त्याला पात्र होत नाही. न्यायालयाने ज्या धीट आणि विवेकी प्रेक्षकावर भिस्त ठेवली, तो प्रेक्षक आपण आहोत काय? यासाठी आता चिठ्ठ्यांकडे वळू.

सर्वांत जवळचे पात्र म्हणून बहुसंख्य चिठ्ठ्यांत नत्थूचे नाव आहे आणि त्याच्यापुढे ‘बिचारा’ हा शब्द आहे. ओम पुरींनी हे पात्र असे उभे केले आहे की दुसरे काही सुचणे कठीण. पण ‘बिचारा’ म्हणून आपण त्याला हातावेगळा करतो. नत्थूच का निवडला गेला, हे विचारायचे राहून जाते. तो मेलेल्या जनावराचे कातडे काढणारा चर्मकार. डुक्कर मारणे हे त्याचे काम नाही, ते त्याला येतही नाही. कादंबरीत मुराद अली त्याच्या हातात पाच रुपयांची नोट कोंबतो, जनावरांच्या डॉक्टरला डुक्कर हवे आहे असे सांगतो आणि निघून जातो. नत्थू ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण ज्याच्याकडून पोटाला काम मिळते त्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच त्याच्या जातीला आणि दारिद्र्याला ठेवलेली नाही. दुसऱ्या दिवशी ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते. ज्याला मंदिरातही जागा नाही आणि मशिदीतही नाही, अशा माणसाच्या हातून धर्मयुद्धाची सुरुवात करून घेतली जाते. दंगलीचे हत्यार स्वस्त मिळते, कारण समाजाने काही माणसांचे मोल आधीच स्वस्त करून ठेवलेले असते. नत्थूची नुसती कीव करणारा प्रेक्षक हे अर्थशास्त्र पाहत नाही.

दोषी कोण, या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे आली आहेत. काहींनी लिहिले, डुक्कर मारायला लावणारा. कादंबरीत तो मुराद अली, मालिकेत पंकज कपूर यांनी रंगवलेला ठेकेदार. तो दोषी आहे, यात शंका नाही. परंतु एका चिठ्ठीत त्याच्या नावापुढे त्याचा धर्मही लिहिलेला आढळला. ज्यांनी ती लिहिली त्यांना मी उभे करणार नाही, पण इतकेच विचारीन, की रणवीरच्या नावापुढे धर्म का लिहिला गेला नाही? आखाड्यातला गुरू त्या पोराच्या हातात सुरी देतो आणि कोंबडी कापायला लावतो. पोराला ओकारी येते, तो थरथरतो, आणि अखेर कापतो. पुढे त्याच टोळीतला एक मुलगा रस्त्याने जाणाऱ्या निरुपद्रवी अत्तरवाल्याच्या पोटात सुरा खुपसतो. मुलाचा खुनी कसा घडवतात, याचे इतके स्पष्ट चित्र आपल्या पडद्यावर क्वचितच आले असेल. १९८८ साली ज्यांना हे चित्र झोंबले, त्यांनी आमच्या बाजूची बदनामी झाली अशी ओरड केली. त्यांनी मालिका पाहिली ती हिशेबनीसाच्या नजरेने : आपले किती, त्यांचे किती. आपल्यातल्या त्या चिठ्ठीने वेगळे काय केले?

दुसरे उत्तर आहे, डेप्युटी कमिशनर रिचर्ड. हे उत्तर आपल्या वर्तुळात अपेक्षितच होते. तक्षशिलेच्या प्राचीन अवशेषांवर प्रेम करणारा, इथल्या माणसांचा वंश आणि इतिहास जाणणारा हा गोरा अधिकारी शहर पेटत असताना हात बांधून बसतो. खेडीच्या खेडी जळून गेल्यावर आकाशात एक विमान फिरते आणि दंगल थांबते. जी गोष्ट एका विमानाने थांबली, ती आधी का थांबवली नाही, हा प्रश्न साहनींनी उघडा ठेवला आहे. साम्राज्यशाहीवरचा हा आरोप खरा आहे. पण सगळा दोष रिचर्डच्या पदरात घालून आपण मोकळे झालो, तर भिवंडीचे काय करायचे? १९७० साली रिचर्ड नव्हता. अधिकारी आपले, पोलीस आपले, सरकार आपल्या मतांवर आलेले. भिवंडी, जळगाव आणि महाड येथील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वर्तनावर स्पष्ट ठपका ठेवला. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली. रिचर्ड बोटीत बसून गेला, त्याची खुर्ची मात्र इथेच राहिली. त्या खुर्चीवर कोण बसतो आणि बसल्यावर काय करत नाही, यावर पहारा ठेवणे हे आपले काम आहे.

आता एका पात्राविषयी, ज्याचे नाव एकाही चिठ्ठीत नाही. तो म्हणजे जर्नेल. फाटका गणवेश घातलेला, कोणत्याही कोपऱ्यावर उभा राहून भाषण ठोकणारा तो विक्षिप्त काँग्रेस कार्यकर्ता. तो पडद्यावर आला की आपल्यापैकी अनेक जण हसले. शहर पेटल्यावर शहाणी माणसे घरात बसतात, पुढारी एकमेकांच्या घरी चर्चा करतात, आणि हा खुळा रस्त्यावर उभा राहून हिंदू-मुसलमान भाऊ आहेत असे ओरडतो व मारला जातो. आपण हसलो, कारण तो एकटा आहे आणि एकटा माणूस हास्यास्पद दिसतो. पण तो एकटा का पडला? त्याच्याबरोबर आणखी शंभर जण उभे असते, तर तो खुळा ठरला असता की पुढारी? कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात जर्नेल कोणालाच जवळचा वाटू नये, याची मला खंत वाटते. या मालिकेत आपल्या जातकुळीचे पात्र कोणते असेल, तर ते हेच.

शेवटी राजो. सुरेखा सिक्री यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अनेक भगिनींनी तिचे नाव लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. चहाचे दुकान सोडून रात्रभर चालत आलेले वृद्ध शीख जोडपे, हरनामसिंग आणि बंतो, तिच्या दारात उभे राहते. हरनामसिंगाची भूमिका स्वतः भीष्म साहनींनी केली आहे आणि बंतोची दीना पाठक यांनी. राजो त्यांना आत घेते. पण कादंबरीतला पुढचा तपशील विसरू नका. थोड्याच वेळाने तिच्या घरचे पुरुष लुटीची पेटी घेऊन येतात आणि ती पेटी याच हरनामसिंगाची असते. म्हणजे आसरा देणारे घर आणि लुटणारे घर एकच आहे. रात्री राजो त्यांना गावाबाहेर पोचवते आणि त्याच पेटीतले दागिने बंतोच्या हाती परत देते. ती घरातल्या पुरुषांना बदलू शकत नाही, दंगल थांबवू शकत नाही. दाराची कडी तिच्या हातात आहे, तेवढी ती काढते. चांगुलपणा निष्कलंक घरातच राहतो, असे मानणाऱ्याला समाजात काम करता येणार नाही. ज्या घरात लूट येते, त्याच घरात राजोही असते, हे ज्याला ठाऊक आहे तोच दंगलीनंतर त्या मोहल्ल्यात पाऊल टाकू शकतो.

साथींनो, आता करायचे काय? ही मालिका आपल्या शाखांनी वस्त्यावस्त्यांत दाखवावी, हा आपला संकल्प आहेच. माझी सूचना एवढीच की दाखवून उठू नका. लोकांना पात्रांविषयी बोलते करा. ते जे बोलतील ते कधी कडवट असेल, कधी विषारीही असेल. त्यांना दटावू नका, आणि आपले भाषण लगेच सुरू करू नका. कोणी मुराद अलीचा धर्म काढला, तर रणवीरविषयी विचारा. कोणी रणवीरवर थांबला, तर गुरुद्वारात शस्त्रे जमवणाऱ्या तेजासिंगाविषयी विचारा. आणि सगळ्यांना मिळून विचारा, की नत्थूला ती नोट घेण्यावाचून दुसरा मार्ग आपल्या वस्तीत आज आहे काय? विवेकी प्रेक्षक न्यायालयाच्या निकालपत्रातून जन्मत नाही. तो अशा बैठकांतून, एकमेकांना प्रश्न विचारत घडवावा लागतो.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. कादंबरीच्या शेवटी शहरात शांतता समिती स्थापन होते. सर्व पक्षांची, सर्व धर्मांची प्रतिष्ठित मंडळी तिच्यात असतात. समितीची बस शांततेच्या घोषणा देत शहरातून निघते. त्या बसमध्ये पुढच्या आसनावर, ड्रायव्हरच्या शेजारी, ध्वनिक्षेपक घेऊन घोषणा देणारा माणूस असतो मुराद अली. त्याला ओळखू शकणारा एकच माणूस होता, नत्थू, आणि तो तोवर मेलेला असतो. उद्या आपल्या गावात तशी बस निघेल, तेव्हा तिच्यात चढण्यापूर्वी पुढच्या आसनावर कोण बसले आहे ते पाहा. आणि नत्थू जिवंत असतानाच त्याला काय माहीत आहे ते ऐकून घ्या.