नळींत हरवलेला तास



दंडांतून रक्त काढून झालें, सुईच्या जागीं कापसाचा बोळा दाबला, कीं आपल्या दृष्टीनें तें प्रकरण संपतें. नळींत गेलेल्या रक्ताच्या दृष्टीनें मात्र कांहींच संपलेलें नसतें. तांबड्या पेशी जिवंत असतात, त्यांना भूक असते. आणि भोंवतालच्या द्रवांतील द्राक्षशर्करा खाऊन लॅक्टिक आम्ल बाहेर टाकण्याचा त्यांचा नित्यक्रम नळींतही चालूच राहतो. पेशी वेगळ्या न करतां रक्त खोलींत तसेंच ठेवलें, तर दर तासास त्यांतील शर्करा सुमारें ५ ते ७ टक्क्यांनीं उतरते. मधुमेहाच्या तपासणीसाठीं राखी झांकणाची जी नळी वापरतात, तींत ह्या खादाडपणाला आळा घालण्यासाठीं फ्लोराइड घातलेलें असतें. पण फ्लोराइड ह्या क्रियेच्या सांखळींतील शेवटाजवळची कडी अडवतें. त्यामुळें पहिला तास-दोन तास शर्करेची गळती थांबत नाहीं. ही गोष्ट डॉक्टरांपैकींही पुष्कळांच्या ध्यानीं नसते, असा माझा अनुभव आहे.

आजचा विषय एका शर्करेपुरता मात्र नाहीं. चयापचयाच्या ओघांत शरीरांत जे असंख्य लहान रेणू घडतात आणि मोडतात, त्यांची एकत्र मोजदाद करणारें एक शास्त्र गेल्या पाव शतकांत उदयास आलें आहे. त्याला मेटॅबोलॉमिक्स म्हणतात. त्याची आशा मोठी आहे. रोग अंगावर दिसूं लागण्यापूर्वींच ह्या रेणूंच्या मेळांतील बेसूर ऐकूं यावा, ही ती आशा. त्यासाठीं रक्ताचे नमुने उणें ८० अंश सेल्सिअसच्या शीतपेटींत, किंवा त्याहूनही थंड अशा द्रवरूप नायट्रोजनाच्या सान्निध्यांत, वर्षानुवर्षें साठवतात. आणि दाता पुढें निरोगी राहिला कीं आजारी पडला, हें कळल्यावर ते बाहेर काढून तपासतात. यंत्रें इतकीं सूक्ष्मग्राही असतात कीं त्यांना रोग दिसतो. आणि नळी कांहीं तास टेबलावर पडून राहिली असेल, तर तेंही दिसतें. दुर्दैव एवढेंच, कीं हें चिन्ह रोगाचें आणि हें टेबलाचें, असें तीं सांगत नाहींत.

हें मी पुस्तकी ज्ञान सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही हृद्रोग्यांचे आणि निरोगी माणसांचे नमुने ताडून पाहत होतों. रोग्यांचें रक्त एका रुग्णालयाच्या वॉर्डांतून येई. निरोग्यांचें सकाळच्या शिबिरांत घेतलें जाई. आंकडे पाहून आम्ही हरखून गेलों. रोग्यांच्या रक्तांत लॅक्टिक आम्ल, हायपोझँथिन आणि ऑर्निथिन वाढलेलें, आर्जिनिन उतरलेलें, शर्कराही कमी. दोन्ही गट इतके स्वच्छ वेगळे पडले कीं निबंधाचा मसुदाही तयार झाला. हृद्रोग्यांच्या रक्तांत शर्करा निरोग्यांहून कमी कशी, ह्या प्रश्नापाशीं आम्हीं थबकावयास हवें होतें. पण यशाच्या घाईंत माणूस स्वतःला हवें तेवढेंच वाचतो. थबकले ते आमचे एक वयोवृद्ध तंत्रज्ञ. "साहेब, रागावूं नका," ते म्हणाले, "पण वॉर्डांतल्या नळ्या खालीं येतात किती वाजतां?"

चौकशी केली. शिबिरांत सेंट्रिफ्यूज यंत्र शेजारींच ठेवलेलें होतें. अर्ध्या तासांत पेशी तळाशीं बसत आणि वरचा पिंवळसर प्लाझ्मा काढून गोठवला जाई. वॉर्डांत सकाळीं सातला घेतलेल्या नळ्या मात्र सगळ्या रोग्यांचें आटोपल्यावर एकदमच, दुपारीं बाराच्या सुमारास, शिपायाबरोबर खालीं येत. आमचीं बहुतेक 'रोगचिन्हें' त्या पांच तासांचीं होतीं. शर्करा पेशींनीं खाल्ली होती, लॅक्टिक आम्ल त्यांनींच सोडलें होतें, आणि आर्जिनिनचें ऑर्निथिन करणारें आर्जिनेज हें एन्झाइमही तांबड्या पेशींतलेंच. मसुदा फाडला. पण फाडलेल्या कागदापेक्षां दुसरीच गोष्ट मनाला अधिक लागली. त्या रोग्यांपैकीं कांहीं तोंवर हयात नव्हते. त्यांनीं दुखण्यांत असतां विश्वासानें दिलेलें रक्त पुन्हां मागण्याची सोय उरली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग उणें ८० अंशांची पेटी कशाला? नासूं लागलेलें दूध फ्रिजमध्यें ठेवल्यानें पुन्हां ताजें होत नाहीं, हें घरांत सर्वांना ठाऊक असतें. पेटी झालेला बिघाड परतवीत नाहीं; पुढचा थोपवते, इतकेंच. साध्या उणें २० अंशांच्या पेटीचा तर तेवढाही भरंवसा धरूं नये. मिठाचें पाणी उणें २१ अंशांपर्यंत पुरतें गोठत नाहीं. आणि प्लाझ्मा खारट असल्यामुळें बर्फाच्या कणांमध्यें त्याचे द्रव कोपरे शिल्लक राहतात, तेथें रासायनिक क्रिया मंदपणें चालतात. शिवाय एकच नळी दहा वेळां वितळवून पुन्हां गोठवणें, हाही नमुन्याचा छळच. म्हणून शहाणे लोक पहिल्याच दिवशीं प्लाझ्मा लहान लहान कुप्यांत वांटून ठेवतात.

जुन्या नमुन्याला त्याची हकीकत विचारतां येते का? थोडीफार येते. लक्झेंबर्ग येथील संशोधकांनीं २०१६ सालीं एक सुटसुटीत युक्ति सुचवली. रक्त खोळंबलें कीं त्यांतील क जीवनसत्त्व घटतें आणि लॅक्टिक आम्ल वाढतें. तेव्हां ह्या दोहोंचें गुणोत्तर पाहून प्लाझ्मा कसा हाताळला गेला असेल, ह्याचा अंदाज बांधावा. मला ही युक्ति आवडते, पण ती पोलिसी तपासासारखी आहे, चोरी झाल्यानंतरची.

यंत्राच्या लहरीपणावर मात्र चांगला उतारा सांपडला आहे. सर्व नमुन्यांतील थोडा थोडा अंश एका भांड्यांत मिसळतात, आणि दर पांच-दहा नमुन्यांमागें ह्या मिश्रणाचा एक थेंब यंत्राला देतात. मिश्रण तेंच, म्हणून उत्तरही तेंच यावयास हवें. सकाळचें उत्तर रात्रीं सरकलें, तर माणसें बदललेलीं नसून यंत्र बदललें आहे. मिश्रणांतही ज्या पदार्थाचा आंकडा २० ते ३० टक्क्यांहून अधिक डोलतो, तो पदार्थ यादींतून वगळतात. वॉर्डांतला खोळंबा मात्र ह्या उपायानें पकडतां येत नाहीं, कारण तो भांड्यांत येण्यापूर्वींच घडून गेलेला असतो.

ब्रिटनमधील 'यूके बायोबँक' ह्या उपक्रमांत २००६ ते २०१० ह्या काळांत सुमारें ५ लाख लोकांनीं रक्त दिलें. त्यांतील कांहीं नळ्या ४ अंशांवर थंड ठेवून मध्यवर्ती प्रयोगशाळेंत नेत, आणि तेथें सुमारें एका दिवसाच्या आंत त्यांची विभागणी होई. म्हणजे खोळंबा तेथेंही होताच. पण पुढें रोगी ठरणाऱ्याची नळी आणि निरोगी राहणाऱ्याची नळी एकाच गाडींतून, एकाच थंडाईंत गेली. सर्वांना सारखाच झालेला उशीर पुष्कळसा क्षम्य असतो. एकाच गटाला झालेला उशीर खोटा पुरावा निर्माण करतो. ह्या नमुन्यांपैकीं सुमारें १ लाख २० हजार व्यक्तींच्या आंकड्यांची छाननी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. तींत तबकडीवरील नमुन्याची जागा, कोणतें यंत्र वापरलें, आणि तयार नमुना मोजणीपूर्वीं किती वेळ थांबला, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींच्याही खुणा सांपडल्या. त्या पुसतां आल्या, कारण नोंदी होत्या.

नोंदींसाठीं २०१० पासून सात भागांचा एक प्रमाण संकेतही उपलब्ध आहे. नळी कोणती, पेशी वेगळ्या करण्यापूर्वीं किती वेळ व किती तापमानांत गेला, यंत्र कसें फिरवलें, साठवण कोठें केली, हें सारें त्यांत एका ओळींत मावतें. आमच्याकडे आतां वॉर्डांतील परिचारिका सुई काढतांच नळीवर घड्याळांतली वेळ लिहितात, आणि खालीं तंत्रज्ञ दुसरी वेळ लिहितात. आरंभीं त्या बाई वैतागत. त्या फसलेल्या निबंधाची गोष्ट ऐकल्यापासून, वेळ नसलेली नळी त्याच परत पाठवूं लागल्या आहेत.

त्या जुन्या पांच तासांच्या कुप्या आम्हीं टाकून दिल्या नाहींत. तांबड्या पट्टीच्या डब्यांत त्या अजून शीतपेटीच्या तळाशीं आहेत. नवा विद्यार्थी आला, कीं त्यांतली एक आणि शिबिरांतली एक, नांवें झांकून, त्याच्या पुढ्यांत ठेवतों, आणि ह्यांतील रोगी कोण, असें त्याला विचारतों.