घराची डागडुजी आणि शेजारधर्म
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून नको. पण घरात काम निघाले की दिवसभर गवंड्यापुढे उभी राहते ती गृहिणीच. म्हणून हा विषय आपलाच आहे.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि त्यानंतर खाडीकाठी आपले हे शहर वसले. इथली पुष्कळ घरे आता तीस-चाळीस वर्षांची झाली. ओल आणि खारी हवा लागून आतल्या सळ्या गंजतात, गंजून फुगतात आणि वरचे काँक्रीट फोडतात. मग छताचे पोपडे पडतात. आपण त्यावर गिलावा करून रंग काढतो. ही पहिली चूक. आधी गळती शोधावी, सळ्या दुरुस्त कराव्या. रंग सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक लादीची. जुनी लादी तशीच ठेवून वर नवी बसवली की खर्च वाचला असे वाटते. पण हिशेब करून पाहा. एक इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा थर चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरतो आणि लादी सुमारे २ किलो. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत एक टनाच्या वर नवे ओझे झाले! जुनी लादी मशीनने फोडावी तर स्लॅबला हादरे बसतात. म्हणून जुन्या इमारतीत इंजिनियरला दाखवल्यावाचून लादीला हात लावू नये.

११ जून २०२२ रोजी नेरूळच्या सेक्टर २८ मधील जिमी पार्क इमारतीत सहाव्या मजल्यावर लादीचे काम चालू असताना स्लॅब कोसळली, ती खालच्या मजल्यांच्या स्लॅब घेऊनच. एकाचा प्राण गेला. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी पडली, तेव्हा तळमजल्यावर फेरफाराचे काम चालले होते. १७ माणसे दगावली. खोली मोठी दिसावी म्हणून खांब किंवा बीम तासणे म्हणजे साऱ्या इमारतीच्या मुळावर येणे होय.

तिसरी गोष्ट मोरीची. मोरी हलवून खालच्या बाईच्या स्वयंपाकघरावर आणू नका. नवी लादी बसवण्याआधी मोरीची नळी बंद करून दोन-तीन इंच पाणी दोन दिवस साठवून ठेवा आणि खाली जाऊन छत पाहा. खाली ओल दिसली नाही, तरच लादी लावू द्या.

कंत्राटदाराशी सगळे कागदावर ठरवा. पैसे कामाच्या टप्प्याने द्या, आणि शेवटचा हप्ता काम पाहिल्यावरच. एक पेटी लादी जास्तीची घेऊन ठेवा. पुढे तोच रंग मिळत नाही.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी व्हावयास हवी. ती झाली का, हे सभेत आपण बायकांनी विचारावे. सभेला पुरुषांनाच पाठवून घरी बसू नये.

भगिनींनो, आपली जमीन हे कुणाचे तरी छत असते. त्या छताखाली पाळणा असेल, कुणी म्हातारे माणूस निजलेले असेल. घर सजवताना त्यांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.