तलवारीचे वय आणि कारागीर



खंडेनवमीला पुजली जाणारी जुनी तलवार आपल्या भागातील काही घरांत अजून आहे. ती कोठली म्हणून विचारले की उत्तर तयार असते : उदगीरच्या लढाईतली! उदगीर जवळ, लढाई १७६० ची. तेव्हा हे अशक्य नव्हे. पण तलवार स्वतः काय सांगते ते आधी ऐकावे, असे आम्हांस वाटते.

पाते आणि मूठ यांचे वय एकच असते असे नाही. आपल्याकडे पात्याचा शेपटा मुठीत लाखेने बसवीत. लाख तापली की मूठ सुटे, दुसरी चढे. शिवाय मराठ्यांना युरोपातील सरळ पात्यांची आवड. अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजीमहाराजांनी १८७५-७६ साली इंग्लंडच्या युवराजास दिलेली तलवार लंडनच्या राजसंग्रहात आहे. तिच्या पात्यावर ‘आय एच एस’ ही ख्रिस्ती अक्षरे तीनदा कोरलेली आहेत! नागपूरकर भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात घेतली, तिच्यावर ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. त्यांवरून धनी कळतो. पाते घडविणारा कळत नाही.

कारागिराच्या शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबू नये. पासाउ गावचा लांडग्याचा शिक्का सोलिंगेनच्या लोहारांनी उचलला. ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन नाव तर वाटेल त्याने कोरले. नावाला बाजारात भाव आला की नक्कल आलीच.

जपानी लोहार आपले नाव मुठीच्या आत, शेपट्यावर कोरीत. बांबूची खुंटी काढली की मूठ निघते, नाव दिसते. तेथेही खोटी नावे पुष्कळ. म्हणून जाणकार शेपट्यावरचा काळपट गंज पाहतात. तो गंज तेथे कोणी घासत नाही, कारण वयाचा मोठा पुरावा तोच. पाते आखूड करताना नाव कापले गेले असेल, तर बाक, पोलादाचा पोत आणि धारेलगतची लहर पाहून घराणे ठरवितात.

आणि आपण? नवमी आली की चिंच, राख, वर काचकागद! पाते लखलखते, पण मुठीजवळचा पुसट शिक्का दरसाल थोडा थोडा जातो. त्याऐवजी मऊ फडके व तेलाचा पातळ हात पुरे. शिक्क्यावर पातळ कागद धरून पेन्सिल हलकेच फिरवावी, ठसा उतरतो. तो जपून ठेवावा. मूठ मात्र कोणी घरी चुलीवर तापवून काढू नये.