बुरशी, साखर आणि आपण

(हवल्ली येथील मदतनिधी कार्यक्रमातील भाषण)



गाणी आणि जेवण यांच्या मधे आम्ही बुरशीचा विषय काढतोय, रागावू नका. निधी कशासाठी जमवतोय, हे सांगायलाच हवं.

शिळ्या भाकरीवरची बुरशी सगळ्यांच्या ओळखीची. तिचे बीजाणू हवेत असतातच. आपण ते रोज श्वासावाटे घेतो आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते. पण अनियंत्रित मधुमेह, केमोथेरपी, मूत्रपिंडरोपणानंतरची औषधे किंवा स्टेरॉइड यांमुळे शरीराचा पहारा ढिला पडला, की हीच बुरशी जिवावर उठते.

२०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने हे भोगले. कोरोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिसने गाठले. लोक त्याला ‘काळी बुरशी’ म्हणाले; खरं तर काळी पडते ती मेलेली पेशी. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते. मग नाक, टाळू, जबडा, डोळा आणि शेवटी मेंदू.

यावर मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन-बी. त्याच्या लायपोसोमल प्रकारावर मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी आधीच मोलाचे काम केले होते, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पण २०२१ मध्ये कुपी मिळेना. किंमत सुमारे ७,००० रुपये, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण सहा कुप्या, त्याही कित्येक आठवडे! हिशेब तुम्हीच करा. मे महिन्यात वर्ध्याच्या एका कंपनीने १,२०० रुपयांत कुपी देण्याची तयारी केली, जूनमध्ये औषधावरचा जीएसटी शून्य झाला. तोवर किती घरांतले दागिने मोडले गेले असतील!

जे वाचले त्यांचीही लढाई संपली नाही. वरचा जबडा काढलेल्या माणसाला कृत्रिम टाळू बसवल्याशिवाय धड जेवता येत नाही, बोललेलं कळत नाही. आपला निधी अशा कृत्रिम टाळूंसाठी आणि गरजू रुग्णांच्या औषधांसाठी आहे.

आपण इथे कुवेतमध्ये आहोत म्हणून सुटलो, असंही नाही. अनेक औषधांना दाद न देणारी ‘कॅन्डिडा ऑरिस’ ही बुरशी २०१४ मध्ये इथल्या रुग्णाच्या रक्तात सापडली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ घातक बुरश्यांची यादी केली, त्यात ती अगदी वरच्या गटात आहे.

तेव्हा देणगीबरोबर आणखी एक मागणं. साखर तपासत राहा. स्टेरॉइड मनाने घेऊ नका, आणि मनाने बंदही करू नका. मधुमेह असताना चेहऱ्याची एक बाजू दुखली किंवा बधिर झाली, नाकातून काळपट स्राव आला, एकाची दोन दिसू लागली, दात हलू लागले, तर ‘बघू उद्या’ म्हणू नका. या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो.

फूल ना फुलाची पाकळी, जमेल ते द्या. गावाकडे कुणाच्या तरी तोंडी घास सुखाने जाईल.