गुन्ह्याची बातमी आणि निकालाची बातमी



 

पुरुष हक्कांची मंडळी आपल्या वृत्तपत्रांच्या कार्यालयांत निवेदने घेऊन येतात. घरगुती हिंसाचाराची बातमी देताना आम्हाला आधीच गुन्हेगार ठरवता, असे त्यांचे म्हणणे. आपण निवेदन ठेवून घेतो, त्यांचा फोटो काढतो आणि ते जिना उतरले की हसतो. एका बाईने त्यांची बाजू ऐकावी असे म्हणावे, याने पुढच्या रांगेतल्या काहींच्या भुवया उंचावल्या आहेत. उंचावू देत. त्यांच्या तक्रारीतला निम्मा भाग खरा आहे, असे माझे मत आहे.

नोएडाचे प्रकरण जुन्या मंडळींना आठवत असेल. मे 2003. ऐन लग्नाच्या दिवशी वरपक्षाने हुंडा मागितला म्हणून नववधूने पोलिसांना बोलावले. वराला अटक झाली. ती मुलगी रातोरात देशाची नायिका झाली, परदेशी वाहिन्या तिच्या दारात आल्या, शालेय पाठ्यपुस्तकात तिच्यावर धडा आला. खटला मात्र नऊ वर्षे चालला आणि 2012 मध्ये न्यायालयाने त्या तरुणाला आणि त्याच्या घरच्यांना निर्दोष सोडले. ज्या कॅमेऱ्यांनी त्याला बेड्यांत दाखवले, त्यांतले किती त्या दिवशी न्यायालयाबाहेर होते? मुलीने पोलिसांना बोलावले यात काहीही गैर नव्हते. आपण फिर्यादीला निकाल समजलो, ती चूक आपल्या धंद्याची होती.

नोएडा लांब राहिले. आपल्याकडे रोज संध्याकाळी काय होते ते बघा. पोलीस ठाण्यातून माहिती येते: ‘विवाहितेचा छळ, पतीसह पाच जणांवर गुन्हा’. सासू, सासरे, दीर, जाऊ आणि दुसऱ्या गावात स्वतःच्या सासरी नांदणारी नणंद, सगळ्यांची नावे गावासह छापून येतात. त्यांच्यापैकी एकालाही आपण फोन केलेला नसतो. प्रसिद्धीपूर्वी पडताळणी करावी, हे प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिले आहे. पण आठ वाजता पान सोडायचे असते तेव्हा आचारसंहिता कोण उघडतो? पुढे खटला वर्षानुवर्षे चालतो. तालुक्याच्या न्यायालयात आपला माणूस नसतोच. निकाल लागतो, आणि नणंदेच्या गावात छापील सत्य म्हणून आपले जुने कात्रणच उरते.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात पोलिसांना बजावले की विवाहितेच्या छळाच्या कलम 498 अ खाली तक्रार आली म्हणून उठून अटक करू नका. आरोपपत्रे 93 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत दाखल होतात आणि शिक्षा जेमतेम 15 टक्क्यांत, हे आकडे त्याच निकालपत्रात आहेत. पोलिसांवर हे बंधन आले; आपल्यावर कोणी घातले नाही, आणि आपणही घालून घेतले नाही.

आता निवेदनवाल्यांना न आवडणारे बोलते. हेच आकडे दाखवून ते म्हणतात, बघा, बाकीच्या सगळ्या तक्रारी खोट्या. तसे मुळीच नाही. मुलांसाठी तडजोड होते, साक्षीदार फितूर होतात, माहेरचे थकतात. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे घडलेच नाही असे नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. नवरा मारत नसताना आपण त्याच्यावर हात उचलला, असे सांगणाऱ्या सुमारे 4 टक्के. दोन्ही आकडे एका पारड्यात बसत नाहीत, आणि बसवायचा प्रयत्न करणाऱ्या संपादकाला मी गणित शिकायला पाठवीन.

पण ते 4 टक्केही माणसांचेच आहेत. सर्वेक्षण तेवढे विचारते तेही बायकोला. तुला मार बसतो का, असे पुरुषाला विचारतच नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात पीडित व्यक्ती स्त्रीच असते. आणि आपण? छत्रपती संभाजीनगरजवळच्या पत्नीपीडितांच्या आश्रमातले पुरुष वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात. ती बातमी आपण दरवर्षी न चुकता हलक्याफुलक्या मजकुरात टाकतो. ते स्वतःच तमाशा करतात हे मान्य. पण पोलिसांच्या भरोसा सेलच्या बाकावर मान खाली घालून बसलेला पुरुष तमाशा करत नसतो, आणि त्याची बातमी आपण कधी केलेली नाही. ‘बायकोने नवऱ्याला चोपले’ या मथळ्यापलीकडे त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द नाहीत.

तरीही हा पक्षपात पुरुषांविरुद्धचा आहे, असे मी म्हणणार नाही. तो ज्याची फिर्याद आधी हाती लागेल त्याच्या बाजूचा आहे. डिसेंबर 2024 मध्ये बंगळुरूच्या एका तंत्रज्ञाने 24 पानी चिठ्ठी लिहून आत्महत्या केली. त्या दिवसापासून ती चिठ्ठीच निकालपत्र ठरली आणि त्याच्या पत्नीचे फोटो घरोघर फिरले. मार्च 2025 मध्ये मेरठला नवऱ्याच्या खुनाचा गुन्हा पत्नीवर दाखल झाला, तर मृतदेह ज्यात सापडला त्या निळ्या ड्रमवर विनोद सुरू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात मुळशीत एक सून गेली आणि सासरच्यांवर हुंड्यासाठी छळाचा गुन्हा दाखल झाला. आरोपींच्या वकिलाने न्यायालयात तिच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि वाहिन्यांनी ते जसेच्या तसे घरात पोचवले. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा आपला आवडता मथळा तरी दुसरे काय करतो? खुन्याचे समर्थन मथळ्यात, आणि मेलेली बाई त्याला उत्तर द्यायला नाही.

आज दुपारी ठरावांचे सत्र आहे. माझी सूचना अशी: छळाच्या गुन्ह्यात अटक झालेला पती सोडून इतर नातेवाइकांची नावे आरोपपत्र दाखल होईपर्यंत छापू नयेत, ज्या खटल्याची पहिली बातमी आपण दिली त्याचा निकाल, दोषी असो वा निर्दोष, त्याच पानावर तेवढ्याच जागेत द्यावा, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्हा आवृत्तीने न्यायालयासाठी एक पूर्णवेळ वार्ताहर नेमावा. मालकांना पगाराचे कारण सांगू द्या, ते मी ऐकून घेईन. सूचक म्हणून माझे नाव लिहा. अनुमोदक तुमच्यातून हवा आहे.