वीस मिली ऑइलची गोष्ट : चेनसॉमध्ये कोणतं ऑइल, किती आणि कुठे?

(या भागात बोललेलं सगळं इथे लिहून दिलंय. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि मशीन चालवणाऱ्या मित्राला पाठवा.)

कुणी एसटीत बसून ऐकत असेल, कुणी वाडीत पाणी लावता लावता. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय काढलंय? पण ज्यांच्या घरी चेनसॉ आहे, किंवा घ्यायचा विचार चाललाय, त्यांनी शेवटपर्यंत थांबा. कारण आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तो दिवस. आमच्या गावात नारळ, सुपारी, आंबा, फणस, काय काय पडलं त्याला हिशोब नाही. रस्ते बंद, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. अख्ख्या वाडीत चेनसॉ एकच, शेजारच्या काकांचा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही पोरं काकांबरोबर झाडं तोडत फिरत होतो. दुपारी टाकी संपली. काका जेवायला गेलेले. ओट्यावर दोन डबे होते, दोन्ही सारखेच. मी त्यातला एक उचलला, मशीन भरलं आणि चालू केलं.

पाचेक मिनिटं झकास चाललं. मग आवाज बदलला, एकदम बारीक, किंचाळल्यासारखा. आणि मशीन बंद! दोरी ओढतोय तर दोरी जागची हलेना. मी भरलं होतं ते काकांच्या बाईकसाठी ठेवलेलं साधं पेट्रोल. इंजिन जाम.

त्या वेळी सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं. समोर एका आजींच्या घरावर फणस आडवा पडलेला, कौलं फुटलेली आणि वर पाऊस. जे काम मशीनने तासाभरात झालं असतं, ते आम्ही पाच जणांनी हातकरवतीने दोन दिवस केलं. दोन रात्री त्या आजी दुसऱ्याच्या पडवीत झोपल्या. काका मला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "डब्यावर काय लिहिलेलं नव्हतं रे, माझीपण चूक आहे." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता हे झालं कसं? आपल्या बाईकचं इंजिन फोर-स्ट्रोक. त्यात ऑइल खाली वेगळं साठवलेलं असतं, म्हणून टाकीत नुसतं पेट्रोल चालतं. पेट्रोलवर चालणारे बहुतेक चेनसॉ मात्र टू-स्ट्रोक असतात. त्यात ऑइलची वेगळी जागाच नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल आत जातं आणि तेच पिस्टन, सिलिंडर, बेअरिंग यांना वंगण देतं. मशीन मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतं. तिथे ऑइल नसेल तर पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला ओरखडे पाडतो आणि चिकटतो. आपल्या वडिलांना विचारा, जुन्या स्कूटरला नि लुनाला पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल टाकून घ्यायचे. तीच भानगड.

मग ऑइल किती? मशीनच्या पुस्तकात प्रमाण दिलेलं असतं, तेच खरं. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिली. चाळीसास एक असेल तर २५ मिली. पंचवीसास एक असेल तर ४० मिली. म्हणजे पन्नासास एकने पाच लिटरला १०० मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका. मेडिकलमधून वीस मिलीची सिरिंज आणा, सुई नको. काम एकदम चोख.

काही जण म्हणतात, "जरा जास्त टाकलं तर काय बिघडतं? इंजिनला चांगलंच की!" नाही मंडळी. जादा ऑइल नीट जळत नाही. प्लग काळा पडतो, सायलेन्सरमध्ये काजळी बसते, धूर होतो आणि ताकद कमी होते.

आता कोणतं ऑइल? डब्यावर टू-स्ट्रोक किंवा टू-टी लिहिलेलं हवं, आणि ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी हवं. त्यावर जासो एफसी किंवा जासो एफडी असा दर्जा दिसला तर उत्तम. एफडीमध्ये आतली घाण साफ ठेवण्याचा गुण जास्त. बाईकचं ट्वेंटी डब्ल्यू फॉर्टी पेट्रोलमध्ये अजिबात मिसळायचं नाही, ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही. आणि किनाऱ्यावरच्या मित्रांनो, तुमच्यासाठी खास. होडीच्या आउटबोर्ड मशीनचं ऑइल घरात असतं, त्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं असतं. तेही टू-स्ट्रोकचंच, पण पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी. चेनसॉ त्यापेक्षा खूप जास्त तापतो. तिथे ते वापरू नका.

मिसळायचं कसं? डबा स्वच्छ आणि कोरडा हवा. आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं मोजलेलं ऑइल, झाकण लावून हलवा. मग उरलेलं पेट्रोल आणि परत हलवा. थेट मशीनच्या टाकीत वेगवेगळं ओतायचं नाही. हे सगळं उघड्यावर करा, चुलीपासून आणि विडी-सिगारेटपासून लांब. मशीन गरम असेल तर थंड होऊ द्या, मग भरा. आणि भरलं त्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन चालू करा.

एक अजून. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून महिनाभरात संपेल एवढंच मिश्रण बनवा. मशीन बरेच दिवस ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि आतलं उरलेलं जळून बंद पडेपर्यंत चालवा.

आता दुसरी टाकी, चेनच्या ऑइलची. पट्टीवरून धावणाऱ्या चेनला हे ऑइल लागतं. ते चिकट असतं, म्हणजे वेगात उडून जात नाही. बरेच जण इथे गॅरेजमधलं काळं, जळकं ऑइल ओततात, फुकट मिळतं म्हणून. त्यात धातूचा कीस असतो. तो पंप आणि पट्टी दोन्ही खातो. शिवाय ते तुमच्या अंगावर उडतं, वाडीतल्या मातीत जातं, आणि कातडीला सारखं लागणं धोक्याचं आहे. बार ऑइल नाहीच मिळालं तर नवं, स्वच्छ इंजिन ऑइल तात्पुरतं चालेल.

ऑइल येतंय का ते कसं बघायचं? पट्टीचं टोक कापलेल्या पांढऱ्या लाकडासमोर धरा, टेकवू नका, आणि रेस द्या. लाकडावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. आणि दर वेळी पेट्रोल भराल तेव्हा चेनचं ऑइलही भरा. दोन्ही टाक्या एकत्र भरायची सवयच लावून घ्या.

आता आज घरी गेल्यावर एकच काम करा. डब्यावर पक्क्या मार्करने तीन गोष्टी लिहा : चेनसॉचं पेट्रोल, प्रमाण किती, मिसळल्याची तारीख. साध्या पेट्रोलचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवा. काकांच्या ओट्यावर आता लाल डबा आहे, आणि त्यावरचं अक्षर माझं आहे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा काकांचं दुरुस्त केलेलं मशीन दिवसभर चाललं. टाकी मीच भरत होतो. दर वेळी डबा वाचून.

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्याही मशीनची अशी गोष्ट असेल तर रेकॉर्ड करून पाठवा. काळजी घ्या!