परमुलखातला सण



माणूस देश सोडून दूर गेला, की त्याच्याबरोबर दोन गोष्टी जातात. एक तोंडातली भाषा आणि दुसरी वर्षाचे सण. पिढ्या उलटतात तशी भाषा पुसट होते. सण मात्र टिकतो. पण परमुलखात सण एकट्यानं साजरा होत नाही, त्याला चार माणसं जमवावी लागतात. अशी माणसं जमवणाऱ्या मंडळांची हकीकत आज सांगायची आहे.

आयर्लंड हे युरोपच्या पश्चिम टोकाचं बेट. १७ मार्च, म्हणजे संत पॅट्रिक यांचा दिवस, हा तिथला राष्ट्रीय सण. त्या दिवशी आयरिश माणूस कोटाला शॅमरॉक नावाची हिरवी पानं खोवतो. आपल्या बेलासारखी तीन दलं. फक्त नाजूक, आणि जमिनीलगत उगवणारी.

१७३७ साली याच दिवशी अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरात काही आयरिश लोकांनी ‘चॅरिटेबल आयरिश सोसायटी’ स्थापन केली. आजारपण, म्हातारपण किंवा जहाज फुटल्यामुळे उघड्यावर पडलेल्या आपल्या देशबांधवाला हात द्यायचा, हा तिचा हेतू. म्हणजे पाहा, सणाचा मुहूर्त आणि मदतीची पेटी जन्माला आली ती एकाच दिवशी!

पण त्यात एक उणीव होती. सभासद व्हायचं तर प्रॉटेस्टंट असायला हवं, असा नियम होता. कॅथलिक आयरिश माणूस देशबांधव खरा; पण बसायचा पंगतीबाहेर. पुढे ही अट गळून पडली. १७७१ साली फिलाडेल्फियात ‘फ्रेंडली सन्स ऑफ सेंट पॅट्रिक’ नावाचं स्नेहमंडळ निघालं. तिथले बहुतेक सभासद प्रॉटेस्टंट होते. तरी पहिले अध्यक्ष स्टीफन मॉयलन हे कॅथलिक होते. त्याच शहरात १७९० साली नव्यानं आलेल्या आयरिश लोकांच्या मदतीसाठी आणखी एक मंडळ उभं राहिलं.

या मदतीची गरज किती होती, ते पुढे दिसलं. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. गरिबाचं पोट त्याच पिकावर होतं. दुष्काळाच्या त्या वर्षांत सुमारे १० लाख माणसं भूक आणि रोगराईनं गेली, आणि निदान तितक्याच लोकांनी देश सोडला. बोटीतून उतरणाऱ्याजवळ ना पैसा, ना ओळख. अशा वेळी आपल्या बोलीत विचारपूस करणारा कोणी भेटला, तर त्याचं मोल काय सांगावं!

गंमत अशी, की परमुलखातली रीत मग घरी परतली. न्यूयॉर्कमध्ये १७ मार्चची मिरवणूक १७६२ पासूनची सांगतात. खुद्द डब्लिनमध्ये सरकारी मिरवणूक निघाली ती १९३१ साली.

आणि ज्यांच्या नावानं हा सण, ते संत पॅट्रिक तरी कुठले? ब्रिटनमधले. कोवळ्या वयात चाच्यांनी त्यांना पळवून आयर्लंडात गुलाम केलं, तिथं त्यांनी गुरं-मेंढरं राखली. सुटून घरी गेले, आणि पुढे धर्मोपदेशक होऊन आपण होऊन त्याच लोकांत परत आले. एका परक्या माणसाचा दिवस हा त्या देशाचा सण झाला!

गुरुजनहो, आपल्याकडे २६ जानेवारी येते ती ऐन ऊसतोडीच्या हंगामात. गावाबाहेर कोपी घालून बीडकडची, नगरकडची कुटुंबं राहत असतात. त्यांची पोरं उसाच्या फडात असतात, आणि झेंडा आपल्या शाळेत चढतो. आदल्या दिवशी तुमचे दोन विद्यार्थी त्या तळावर पाठवा. “उद्या सकाळी झेंड्याला या,” एवढंच सांगायचं. येतील त्यांना मागे उभं करू नका. आपल्या मुलांच्या रांगेत घ्या, नाव विचारा, खाऊ द्या. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशीही शाळेत बोलवा.